पकल, जिरार्डोनी, नॉक की लेमॅट: वीस मिनिटांत कोणती चक्रम बंदूक सांगाल?

आमच्या वाचनालयात दर पावसाळ्यात 'एक वस्तू, वीस मिनिटं' असा कार्यक्रम होतो. बोलणाऱ्याने जुन्या काळातली एकच वस्तू घ्यायची, वीस मिनिटं बोलायचं, मग दहा मिनिटं प्रश्न. चहा शेवटी, म्हणजे कोणी मधे उठत नाही. गेली काही वर्षं मी तिथे जुन्या बंदुकांवर बोलतो. त्यामुळे गणपती जवळ आले की कुठल्या तरी शाळेतून, मंडळातून नाहीतर प्रश्नमंजुषा घेणाऱ्यांकडून फोन येतोच. "सर, एखादी चक्रम बंदूक सुचवा ना, कुणाला माहीत नसलेली." मी दोन-तीन नावं सांगतो. लगेच पुढचा प्रश्न, "मग ही घेऊ की ती?" तेच तेच फोनवर सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

आधी माझी कसोटी सांगतो. बंदूक दिसायला किती विचित्र आहे यावर निवड करू नका. चित्र पडद्यावर आलं की लोक हसतात, पण ते हसू अर्धा मिनिट टिकतं. त्यानंतर मागच्या रांगेतून एक प्रश्न येतो आणि तो आजवर चुकलेला नाही: "एवढी भारी होती, तर सगळ्यांनी का नाही वापरली?" ज्या बंदुकीकडे याचं उत्तर आहे, आणि ते उत्तर त्या काळच्या कागदपत्रांत सापडतं, ती घ्या. बाकीच्या प्रश्नमंजुषेच्या एका ओळीपुरत्या ठीक आहेत.

या सगळ्या चक्रमपणाचं मूळ एकाच कटकटीत आहे, आणि ती कटकट मी लहानपणी डोळ्यांनी पाहिली आहे. कोकणात आमच्या शेजारच्या आबांकडे शेतीरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. रानडुक्कर आलं की आबा पडवीत उकिडवे बसायचे. नळीत दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, गजाने ठोकून ठोकून बसवायचा. मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज. शेवटी कानावर केप, म्हणजे घोड्याच्या दणक्याने ठिणगी देणारी छोटी टोपी. हे सगळं होईपर्यंत डुक्कर नाचणी खाऊन पलीकडच्या वाडीत पोचलेलं असायचं. आबा तरीही बार काढायचे. "आवाज तरी ऐकूदे त्याला," म्हणायचे.

आबांच्या बंदुकीला निदान केप होती. अठराव्या शतकातल्या सैनिकाकडे चकमकीची बंदूक असायची. घोड्यात गारगोटी, ती पोलादावर घासून ठिणगी, ठिणगीने रंजक, म्हणजे बाहेर ठेवलेली चिमूटभर दारू, पेटायची आणि रंजकेने आतली दारू. तरबेज शिपाई मिनिटाला दोन, फार तर तीन बार काढायचा. पाऊस आला की तेही नाही. पुढच्या चारही बंदुका या एकाच अडचणीवर चार डोकेबाज माणसांनी काढलेले चार तोडगे आहेत, हे श्रोत्यांना पहिल्या दोन मिनिटांत सांगून टाका. मग बंदूक विचित्र वाटली तरी तिच्यामागचं डोकं विचित्र वाटत नाही.

पकल: गोष्ट सगळ्यात रंगतदार

जेम्स पकल हा लंडनचा वकील आणि लेखक. १५ मे १७१८ रोजी त्याला ४१८ क्रमांकाचं पेटंट मिळालं. बंदुकीचं नाव त्याने ठेवलं 'डिफेन्स'. तीन पायांच्या घोडीवर बसवलेली एकच लांब नळी, तिच्या मागे फिरणारं दंडगोल, त्यात एका फेरीला पुरतील एवढे बार आधीच भरून ठेवलेले. एक बार झाला की मागचा दांडा फिरवून दंडगोल सैल करायचं, हाताने पुढच्या घरावर आणायचं, पुन्हा आवळायचं, चाप ओढायचा. रिव्हॉल्व्हरची कल्पना आपल्या ओळखीच्या रिव्हॉल्व्हरच्या शंभरएक वर्षं आधी इथे उभी आहे.

लोकांना मात्र यातलं काहीच लक्षात राहत नाही. लक्षात राहतात त्या चौकोनी गोळ्या. पेटंटमध्येच लिहिलंय की ख्रिस्ती शत्रूवर झाडायच्या गोळ्या गोल आणि तुर्कांवर झाडायच्या चौकोनी. चौकोनी गोळीने जखम जास्त वाईट होते अशी समजूत होती. पेटंटच्या चित्राबरोबर राजा जॉर्ज, देश, कायदे आणि प्रॉटेस्टंट पंथ यांच्या रक्षणाची दोन ओळींची कविताही आहे. हे चित्र पडद्यावर टाकलं की बोलायची गरजच पडत नाही. शाळेत दाखवणार असाल तर एक सावधगिरी घ्या. धर्मावरून गोळीचा आकार ठरवण्याचा तो विचार त्या काळच्या युरोपचा आहे, हे स्पष्ट सांगा. नाहीतर घरी जाऊन मुलं काय सांगतील याचा नेम नाही.

आता काम करत होती का? मार्च १७२२ मध्ये लंडनला भर पावसात तिचं प्रात्यक्षिक झालं आणि एका माणसाने सात मिनिटांत ६३ बार काढले, अशी तेव्हाच्या वर्तमानपत्रात बातमी आहे. म्हणजे मिनिटाला नऊ. साध्या शिपायाच्या तिप्पट, आणि तेही पावसात. हा आकडा सांगितल्यावर सभागृहात एक बारीक 'ओहो' उमटतं. तिथे एक क्षण थांबा.

सरकारने मात्र आधीच, १७१७ साली, ती नाकारली होती. मग पकलने आपल्यालाही ओळखीचा वाटेल असा मार्ग धरला. कंपनी काढली आणि शेअर विकायला काढले. साल होतं साउथ सी कंपनीच्या फुग्याचं, म्हणजे तिच्या शेअरचे भाव अफाट फुगल्याचं. लंडनमध्ये जो तो कुठल्या ना कुठल्या योजनेत पैसे ओतत होता. १७२० मध्ये तो फुगा फुटला आणि त्या वेडावर चक्क पत्त्यांचा एक कॅट निघाला, प्रत्येक पानावर एकेका बुडीत योजनेची टवाळी. पकलच्या बंदुकीलाही एक पान मिळालं. त्यावरच्या कवितेचा शेवट असा: मित्रांनो, या भयंकर यंत्राला भिऊ नका, याने जखमी होतात ते फक्त याचे शेअर घेतलेले. सभागृहात शेअर बाजारात पोळलेला एक तरी माणूस असतोच आणि सगळ्यात मोठ्याने तोच हसतो.

खरेदीदार असा एकच नाव घेण्याजोगा, ड्यूक ऑफ माँटेग्यू. वेस्ट इंडीजमधल्या सेंट लुशिया आणि सेंट व्हिन्सेंट या बेटांवर वसाहत करण्याच्या त्याच्या १७२२ च्या मोहिमेसाठी दोन बंदुका घेतल्या गेल्या. त्या सामानाच्या यादीत त्यांना 'मशीन गन' म्हटलं आहे, आणि हा शब्द पहिल्यांदा सापडतो तो तिथे, असं मानतात. प्रश्नमंजुषेसाठी सोन्यासारखा प्रश्न. पण व्याख्यानात ही पहिली मशीनगन असं ठोकून देऊ नका. मी एकदा ते केलं आणि पुढच्या रांगेतल्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी हळूच विचारलं, "प्रत्येक गोळीला दांडा हातानेच फिरवायचा ना? मग मशीन कुठे आहे?" बरोबरच होतं त्यांचं. पुढे फ्रेंचांनी माँटेग्यूचा बेत हाणून पाडला आणि या बंदुकांनी तिथे काही पराक्रम केल्याची नोंद नाही. मूळ नमुने इंग्लंडमध्ये टिकून आहेत, त्यामुळे छायाचित्रं मिळायला अडचण येत नाही.

मग का नाही वापरली? इथे पकलची बाजू थोडी लंगडी पडते. चकमकीचा घोडा, प्रत्येक घराची वेगळी रंजक, नळीशी घट्ट बसणारं दंडगोल हे सगळं एका कारागिराने कानसून जमवायचं. शंभर नग एकसारखे काढायची ताकद त्या काळच्या कारखान्यांत नव्हती, आणि नेमकी कुठल्या लढाईत ही वापरायची हेही धड कुणाला ठरवता येत नव्हतं. उत्तर बरोबर आहे, पण ते आपण द्यायचं. सैन्यात मुरून तिथे ती कशी हरली, याची गोष्ट नाही, कारण सैन्यात ती गेलीच नाही.

जिरार्डोनी: बार नाही, धूर नाही

मी स्वतः उचलतो ती ही. ऑस्ट्रियाच्या टायरॉल प्रांतातला कारागीर बार्थोलोमेउस जिरार्डोनी याने १७७९ च्या सुमारास हवेवर चालणारी रायफल बनवली. हवेची म्हटल्यावर जत्रेत फुगे फोडायची बंदूक डोळ्यांपुढे येते, म्हणून श्रोते सुरुवातीला खुर्चीत मागे टेकतात. तेव्हा आकडे सांगायचे. गोळी साडेअकरा मिलिमीटरच्या वर जाड, शिशाची. नळीशेजारच्या लांब नळकांड्यात अशा वीस गोळ्या. दस्ता म्हणजेच हवेची लोखंडी टाकी, आणि त्यात दाब ८०० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला इतके पौंड) आसपास. मोटारीच्या चाकात आपण भरतो ३०-३५. आता सगळे पुढे सरकून बसतात.

ती भरायची कशी, हे हाताने करून दाखवा, सांगून कळत नाही. मी एक काठी घेतो. बंदुकीचं तोंड थोडं वर करायचं, की बाजूच्या नळकांड्यातली गोळी आपल्या वजनाने घरंगळत मागे येते. अंगठ्याने एक आडवा ठोकळा दाबायचा, गोळी ठोकळ्यात येऊन बसते. सोडला की ठोकळा स्प्रिंगने परत जागेवर, गोळी नळीमागे. घोडा ओढायचा, चाप दाबायचा. टाकीची झडप निमिषभर उघडते, तेवढीच हवा सुटते आणि गोळी निघते. ना दारू, ना गज, ना रंजक. शिपाई जमिनीवर पालथा पडून हे करू शकतो, ठासणीच्या बंदुकीबरोबर उभं राहावं लागतं तसं नाही. धुराचा लोटही उठत नाही, म्हणजे गोळी कुठून आली ते कळत नाही. आबांना ही मिळाली असती तर वाडीत एकही डुक्कर उरलं नसतं.

पकलशी तुलना करायची तर खरा फरक इथे आहे: ही बंदूक सैन्यात गेली. ऑस्ट्रियाने १७८० पासून ती घेतली आणि सुमारे १८१५ पर्यंत ती या ना त्या रूपात त्यांच्याकडे होती. हजार-दीड हजार नग बनले असावेत. प्रत्येक शिपायाला भरलेल्या जादा टाक्या, गोळ्यांच्या नळ्या आणि हातपंप. आणि मग तिचे हाल सुरू झाले. टाकी पत्रा वाकवून, रिव्हेट मारून, डाग देऊन केलेली. कुठेतरी सांधा उसवला की हवा गेली. झडपेचं चामडं ओलं ठेवावं लागायचं, सुकलं की गळती. पलटणीतला लोहार साधी बंदूक दुरुस्त करायचा, ही नाही. शिपायाला वेगळं शिकवावं लागायचं. आणि टाकी हातपंपाने भरायची तर सुमारे दीड हजार वेळा दांडा खालीवर करायचा. एका भरलेल्या टाकीवर साधारण तीस गोळ्या कामाच्या निघायच्या, त्यातही शेवटच्या जरा मेलेल्याच. मागच्या रांगेतल्या त्या हमखास प्रश्नाचं उत्तर इथे आयतं मिळतं. बंदुकीत खोट नव्हती. तिच्यामागे जो कारखाना, जो लोहार आणि जो पंप लागत होता, तो त्या शतकाकडे नव्हता.

शिवाय तिला दुसरा अंक आहे, तोही अमेरिकेत. मेरीवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क १८०३ मध्ये पश्चिमेच्या मोहिमेवर निघाले तेव्हा लुईसकडे एक हवेची रायफल होती. ३० ऑगस्ट १८०३ ला पिट्सबर्ग सोडल्या सोडल्या एका बेटावर तो थांबला. तिथल्या लोकांना त्याने ती दाखवली, स्वतः सात गोळ्या नेम धरून मारून दाखवल्या आणि मग कौतुकाने एकाच्या हातात दिली. त्या गृहस्थाकडून ती चुकून उडाली. चाळीस यार्डांवर उभ्या असलेल्या एका बाईच्या टोपीतून गोळी गेली, कानशील चाटून. बाई कोसळली, रक्त वाहू लागलं, सगळ्यांना वाटलं गेली. मिनिटभराने ती शुद्धीवर आली, जखम वरवरची होती. मोहिमेच्या रोजनिशीची सुरुवातच या अपघाताने होते. स्वतः लुईसने लिहिलेलं आहे. यापेक्षा चांगला कागद कुठल्या बंदुकीला मिळणार?

पुढच्याच महिन्यात थॉमस रॉडनी नावाच्या एका प्रवाशाने ती पाहिली आणि एका भरणीत २२ गोळ्या सुटतात असं आपल्या रोजनिशीत टिपलं. त्या वर्णनामुळे ती जिरार्डोनी पद्धतीचीच असावी असं बहुतेक अभ्यासक मानतात. वाटेत भेटणाऱ्या मूळ निवासी टोळ्यांपुढे लुईस ती मुद्दाम चालवून दाखवायचा. मोहिमेत माणसं तीस-चाळीस. अशा किती बंदुका पेट्यांत आहेत हे समोरच्याला कळू न देणं, यातच तिचा उपयोग होता. मला हा भाग फार आवडतो. युद्धात फसलेली बंदूक, आणि कामाला आली ती दबदब्यासाठी.

एक किस्सा मात्र वगळा. ही बंदूक हातात सापडलेल्या शिपायाला नेपोलियन फासावर चढवायचा, अशी गोष्ट सगळीकडे सांगतात. मीही दोन वर्षं सांगितली. मग एका इतिहासाच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "तो हुकूम कुठे छापलाय?" घरी येऊन शोधलं. हुकूम नाही, तारीख नाही, नुसती गोष्ट. तेव्हापासून सोडली. ती न सांगताही व्याख्यान अडत नाही.

नॉक आणि लेमॅट: जरा झटपट

नॉकची बंदूक मुलांना फार आवडते आणि कारण उघड आहे. सात नळ्या, मधे एक आणि भोवती सहा, जशी हाताला लागतील तशी मुळ्यांची जुडी बांधावी. चाप एकच. दाबला की सातही बार एकदम. जेम्स विल्सनने १७७९ मध्ये ही कल्पना ब्रिटिश सरकारपुढे ठेवली आणि लंडनचा बंदूककार हेन्री नॉक याने ती बनवली. सहाशेच्या वर नग ब्रिटिश आरमाराने घेतले. डोलकाठीच्या माच्यावर चढून शत्रूच्या जहाजाच्या डेकवर वरून झाडायची, असा बेत होता.

फसली ती इतकी सरळ फसली की वीस मिनिटं भरत नाहीत. सात बारांचा धक्का खांद्याला बसायचा तो असा की शिपाई पुन्हा हात लावायला धजत नसत. तोंडातून निघणारा जाळ जवळच्या शिडांना आणि दोरखंडांना लागेल ही भीती वेगळी, आणि लाकडी जहाजावर आगीइतकं भय शत्रूचंही नसतं. पुन्हा भरायची तर आबांचा तो सगळा सोहळा सात वेळा, तोही हलत्या माच्यावर. आधी नळ्यांना आतून आटे पाडले होते, पण भरायला फारच वेळ लागतो म्हणून पुढे गुळगुळीत केल्या. आणि सातांपैकी एखादी पेटलीच नाही तर? त्या दणक्यात आणि धुरात ते कळायचं कसं? सातवी-आठवीच्या वर्गासाठी दहा मिनिटं हवी असतील तर नॉक घ्या. मोठ्यांपुढे पाचव्या मिनिटाला तुमच्याकडचा मजकूर संपेल.

लेमॅटची तऱ्हा उलटी. ही बंदूक फसलीच नाही म्हणा ना, नुसती अडचणीत राहिली. न्यू ऑर्लिन्सला स्थायिक झालेला फ्रेंच डॉक्टर ज्याँ अलेक्झांद्र लेमॅट याने १८५६ मध्ये पेटंट घेतलं. साधं रिव्हॉल्व्हर सहा गोळ्यांचं, याचं दंडगोल नऊ गोळ्यांचं. आणि ते दंडगोल ज्या आसाभोवती फिरतं तो आस भरीव न ठेवता त्याने तिथे छर्ऱ्यांची एक रुंद नळी बसवली. घोड्याच्या टोकाला छोटी कळ. वर ठेवली तर गोळी, खाली वळवली तर छर्रे. डोकं बघा! जी जागा सगळे वाया घालवत होते तिथे याने दहावा बार बसवला.

अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेकडच्या काही अधिकाऱ्यांनी ती मिरवली. जनरल बोरेगार्ड तर लेमॅटच्या सासरकडून नात्यातला, आणि काही काळ धंद्यात भागीदारही. घोडदळाचा जे. ई. बी. स्टुअर्ट हेही नाव तिच्याशी जोडलं जातं. पण बनायची युरोपात, आणि उत्तरेच्या आरमाराने बंदरं अडवून धरलेली, म्हणजे प्रत्येक पेटी चोरवाटेने आणायची. एकूण तीन हजारांच्या आतच निघाल्या. त्यात गोळीचा व्यास ०.४२ इंच. दक्षिणेच्या गोदामांत ०.३६ आणि ०.४४ ची रास, आणि यांच्या बंदुकीला बेचाळीसची. आपल्याकडे तीन घरांत तीन तऱ्हांचे चार्जर असतात आणि पाहुण्याच्या फोनला एकही लागत नाही, त्यातलाच प्रकार. जाणकार, हत्यारं जमवणारे लोक समोर असतील तर लेमॅट छान चालते, कारण त्यांना कळ, आस, व्यास यांतच रस असतो. इतरांना ती पाश्चात्त्य सिनेमातल्या पिस्तुलासारखीच दिसते.

आणखी तीन नावं लोक सुचवतात. चार नळ्या पंख्यासारख्या फाकलेलं बदकपावली पिस्तूल दिसायला झकास, पण त्यावर बोलायला चित्राशिवाय फारसं काही नाही. पॅरिसच्या टोळ्यांशी नाव जोडलेलं आपाश पिस्तूल म्हणजे मूठ, सुरी आणि बिननळीचं रिव्हॉल्व्हर एकात घडी केलेलं. शाळेत नकोच. तिसरी कालथॉफ, ती मात्र दखल घेण्याजोगी आहे. पकलच्याही सत्तर-ऐंशी वर्षं आधीची, दारू आणि गोळ्या वेगवेगळ्या कप्प्यांत आणि एका दांड्याने दोन्ही भरणारी. डेन्मार्कच्या राजाच्या रक्षकांकडे अशा शंभरएक होत्या आणि १६५८-५९ च्या कोपनहेगनच्या वेढ्यात त्या चालल्या. पण आतला भाग घड्याळासारखा नाजूक, त्याचं कापचित्र समजावण्यातच तुमचे वीस मिनिट जातील.

"आपल्याकडची नाही का एखादी?"

हाही फोनवरचा नेहमीचा प्रश्न. आहे, पण तिची जात वेगळी. आईन-ए-अकबरीत अबुल फजलने लिहिलंय की बादशहाने सतरा बंदुका अशा जोडल्या की एका तोड्याने सगळ्या एकदम उडाव्यात. सोळा नळ्या एकाच वेळी आतून साफ करणारं, बैलाने फिरवायचं चाकही त्याच काळचं. अबुल फजल सगळं श्रेय अकबराला देतो, ते त्याचं कामच होतं. पुढच्या अभ्यासकांनी या यंत्रांमागे फतहुल्ला शिराझी या विद्वानाचा हात पाहिला आहे. हा शिराझहून आधी विजापुरात अली आदिलशहाच्या दरबारी आला आणि १५८३ मध्ये अकबराकडे गेला. म्हणजे नॉकच्या जवळपास दोनशे वर्षं आधी नळ्यांची जुडी हिंदुस्थानात होती, आणि तिच्यामागचा माणूस दख्खनचं पाणी प्यायलेला. मराठी श्रोत्यांना हे ऐकताना बरं वाटतं, मलाही सांगताना बरं वाटतं. अडचण एवढीच की ती वस्तू आज कुठे दाखवता येत नाही. चित्राशिवाय वीस मिनिटं ओढायची तर बोलणारा कीर्तनकार हवा. नॉक निवडली असेल तर मात्र शेवटची तीन मिनिटं या सतरा नळ्यांना जरूर द्या, भरणीही होईल आणि टाळ्याही मिळतील.

कोणी पानिपतातल्या शुतरनाळा सुचवतं, उंटावरच्या त्या लहान तोफा. अब्दालीकडच्या त्या उंटांनी काय केलं ते आपल्याला सांगायला नको. पण तिथे श्रोत्याचं मन बंदुकीवर राहत नाही, सदाशिवरावभाऊंवर जातं आणि वीस मिनिटांचे दोन तास होतात.

तर आता फोनवर विचारलंत तर मी काय सांगेन? रविवारची सकाळ, मिश्र वयाचे लोक, हसवून सोडायचंय, तर डोळे मिटून पकल. पत्त्यांचं पान शेवटी दाखवा, चौकोनी गोळ्या आधीच दाखवून टाका, त्या राखून ठेवल्यात तर कुणीतरी मधेच ओरडून सांगतो. प्रश्नमंजुषेसाठीही पकलच, एका बंदुकीत चार प्रश्न निघतात. प्रश्नोत्तरं रंगायला हवी असतील, समोर अभियांत्रिकीची मुलं किंवा कारखान्यात आयुष्य काढलेले लोक असतील, तर जिरार्डोनी. गळतीचा, रिव्हेटचा, चामड्याच्या वायसरचा विषय निघाला की ते लोक आपणहून बोलू लागतात, तुम्ही फक्त माइक फिरवायचा. एकदा एका निवृत्त फिटरकाकांनी पाच मिनिटं हवेची झडप का गळते ते समजावलं होतं. माझ्या सगळ्या व्याख्यानापेक्षा ते चांगलं होतं.

जिरार्डोनी घेतलीत तर सायकलचा पंप बरोबर न्या, उभा, दोन्ही हातांनी मारायचा तो. दीड हजार दांड्यांत तीस गोळ्या, म्हणजे एका गोळीमागे पन्नास. हे गणित फळ्यावर लिहायचं आणि एखाद्या धट्ट्याकट्ट्या पोराला पुढे बोलवायचं. मागच्या वर्षी नववीतला एक आला, बाह्या सरसावून. पहिले वीस झरझर मारले. तिसावर कमरेवर हात. सगळं सभागृह मोठ्याने मोजत होतं. पन्नासाव्याला पंप सोडून खालीच बसला. मी म्हटलं, "शाबास, एक गोळी झाली. अजून एकोणतीस."

त्याने माझ्याकडे पाहिलं, धापा टाकत म्हणाला, "काका, ते तुमच्या आबांची ठासणीची सांगत होतात ना, तीच द्या मला."